पैठणीच्या घडीतली हार्ड डिस्क

ह्यांच्या जाण्याची बातमी आष्टीहून आली, एका लग्नाच्या मांडवातून. अक्षता पडल्या, ह्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला, टेकून बसले आणि संपलं... दोन-तीन दिवसांनी नवरीचे वडील भेटायला आले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, बोलावं का न्हाई कळून न्हाई राह्यलं... पर आमचं सगळं लग्न त्या कॅमेऱ्यात हाय." मी डोळे पुसत उठले आणि कार्ड कॉम्प्युटरला लावलं. सुतक आम्हाला होतं, लोकांच्या लग्नाला कुठलं सुतक!

परतुरात आमच्या ह्यांना, मधुकररावांना, सगळे फोटोवाले म्हणूनच ओळखायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ह्या स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत आहे. माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला, देवीच्या यात्रेसाठी गेले तरी दुसऱ्या दिवशी परत, कारण दुकान. आमच्याकडे माणूस गेला की तेरवीला हार घालायला फोटो लागतो, आणि कित्येकांनी उभ्या जन्मात स्वतःचा फोटो काढलेला नसतो. असतो तो कुणाच्या तरी लग्नात, गर्दीत, पंगतीत. हे तो शोधून, कापून, मोठा करून द्यायचे. म्हणून एकही लग्न पुसायचं नाही, हा ह्यांचा हट्ट. निगेटिव्हचे डबे होते तोवर ठीक होतं. डिजिटल आलं आणि कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरला.

मुलगी औरंगाबादला बोलावत होती. "सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कमधी भरू, दुकान देऊन टाकू अन् जाऊ," हे म्हणाले. मी खुळी, बॅग झटकायला घेतली. पण ती डिस्क निवडण्यात ह्यांनी अख्खा उन्हाळा घालवला. सुटी डिस्क डब्यात बसवून देणारे होते. स्वस्त पडायचं, पण भरवसा नाही. मोठी डिस्क वेगळ्या वायरीवर चालायची, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही. कंपनीची छोटी घ्यावी तर महाग. एकदा मीही जालन्याला सोबत गेले.

"बंद पडली तं?" ह्यांनी दुकानदाराला विचारलं.

"वारंटी हाय काका. बिलकुल नवी देऊ."

"अन् आतले फोटो?"

तो हसला. "वारंटी डिस्कची असती काका, फोटोची न्हाई."

झालं, रिकाम्या हाताने परत. पुढच्या खेपेला हे एकटेच गेले आणि छोट्या दोन घेऊन आले. तीच लग्नं दोन्हींत भरायची. एक दुकानात, दुसरी माझ्या कपाटात, पैठणीच्या घडीत. मी विचारलं, "मंग औरंगाबाद?" तर म्हणे, "अगं, दोन्ही बराबर भरू तं दे!" लग्नं काय थांबतात थोडीच. आमचं जाणं मात्र राहिलं ते राहिलंच...

ह्यांच्यानंतर महिनाभरात दुकानातली डिस्क टिकटिक करत बंद पडली. मुलगी म्हणाली, आता तरी चल. मी कपडे भरले. त्याच दुपारी एक म्हातारी येऊन उंबऱ्यात बसली. "बाई, मालक गेले माझे. भाच्याच्या लग्नात फेटा बांधून उभे व्हते, तेवढाच फोटो आसंन त्यायचा."

'आजी, मशीन बंद पडलं, सगळं गेलं,' एवढंच म्हणायचं होतं. अर्धं तर खरंच होतं. ती गेली असती, मीही सुटले असते. शब्द अगदी जिभेवर आले होते... तेवढ्यात तिने भिंतीकडे, ह्यांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या मालकाचा चांगला निघला बगा."

मी उठून कपाट उघडलं, पैठणीच्या घडीतली डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली. म्हातारा सापडला, नवरदेवाच्या मागे, फेटा कानावर आलेला. म्हातारीने पडद्यावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी बॅग रिकामी केली, जालन्याला गेले आणि बंद पडलेल्या डिस्कच्या जागी नवी घेतली. घासाघीसही केली. परतीच्या पॅसेंजरमध्ये खोकं मांडीवर धरून बसले आणि ह्यांचा असा संताप आला, की इतक्या वर्षांच्या संसारात कधी आला नव्हता. ह्या माणसाने मला जाता जाताही अडकवून ठेवलं. घरी गेल्या गेल्या खडसावायचं, असं ठरवूनच परतूरला उतरले. दुकानाचं कुलूप मलाच उघडावं लागलं.