मामंजी हरवले त्या दुपारी

देवावरचा माझा विश्वास तेव्हा जवळजवळ उडाला होता. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सतत फिरतीवर. सासूबाई गेल्यावर मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, साताऱ्याहून बंगळुरूला इंदिरानगरच्या घरी आणलं आणि वर्षभरात ते सगळं विसरत चालले. मी कोण हेही त्यांना उमगत नसे. अंघोळीला नेलं की ओरडत, ताट ढकलून देत. एका सकाळी सांडलेली आमटी पुसता पुसता मी देव्हाऱ्याकडे बघून म्हणाले, "आता ने रे यांना. माझ्याच्यानं होत नाही."

दुपारी कपडे वाळत घालून गच्चीवरून उतरले, तर फाटक सताड उघडं आणि मामंजी नाहीत.

कन्नडचा एक शब्द त्यांना येत नव्हता. शेजारची गल्ली, बाजार, बसथांबा, सगळं पालथं घातलं. यजमान तेव्हा हैदराबादला होते; एसटीडी बूथवरून तिथल्या ऑफिसात फोन लावला, तो लागेना. मीच मागितलं होतं, तेच झालं, एवढंच डोक्यात घुमत होतं. शेवटी पोलीस चौकीला जायला रिक्षा केली. रस्ता खणलेला होता, म्हणून रिक्षावाल्यानं न विचारता भलत्याच गल्लीत वळवली. मी चिडून काही बोलणार, एवढ्यात झाडाखाली मामंजींची पांढरी टोपी दिसली.

तिथे एक बाई गाडीवर कपड्यांना इस्त्री करत होती. शेजारी स्टुलावर मामंजी, हातात चहाचा ग्लास. सासूबाईंच्या दुखण्याचं ते मराठीत सांगत होते, खडान्‌खडा. आमच्या घरात कित्येक महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. बाई इस्त्री फिरवत प्रत्येक वाक्याला म्हणत होती, "सरी अज्जा, सरी." बरं आजोबा, बरं.

मला रडू आवरेना. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "मत रो अम्मा. मेरा अप्पा भी ऐसाच था. कुछ भी बोलेगा, हाँ बोलने का."

मी तर दिवसभर त्यांचं बोलणं खोडून काढायचे. हे सातारा नाही, सासूबाई आता नाहीत, मी तुमची सून. दर वेळी ते ती बातमी नव्यानं ऐकायचे आणि दर वेळी कोसळायचे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मामंजी बरे झाले नाहीत. पुढचे आठ महिने कठीणच गेले. पण मी खोडणं सोडलं. ते मला "ताई" म्हणायचे, त्यांच्या लहानपणीच वारलेल्या बहिणीच्या नावानं, आणि मी ओ द्यायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, घरी जायचं ना?" मी त्यांचा हात धरून म्हटलं, "हो, जाऊ या." ते शांत झोपले आणि पहाटे गेले.

त्या बाईचं नाव मी विचारलंच नाही. नंतर गेले तेव्हा झाडाखाली गाडी नव्हती. तिला कुणी तिथे उभं केलं होतं, यावर मी वाद घालत नाही. फक्त संध्याकाळी दिवा लावते, तेव्हा काही मागत नाही. हात जोडते आणि म्हणते, "सरी."