दिसतो, पण सापडत नाही

वर्षाराणी मालेगावच्या कॉलेजात ग्रंथपाल. एखादी गोष्ट का होत नाही हे कळेपर्यंत तिला चैन पडत नाही. घरचा मिक्सर बंद पडला तरी मेकॅनिकआधी ती स्वतः उघडून बसते.

एम.एस्सी.ची सायली आसेगावच्या मळ्यांतल्या वांग्यांच्या जुन्या वाणांवर काम करत होती. "मॅडम, यावर कोनी लिहिलंच नाही," ती म्हणाली. "नेटवर काहीच सापडत नाही."

पण कॉलेजातल्याच इंद्रभान सरांनी कधीकाळी एका मासिकात यावर लेख लिहिला होता, हे वर्षाराणीला पक्कं आठवत होतं. सरांनी ज्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलं, त्यांतलं आता कोणी उरलेलं नव्हतं. लेख गेला तर ती माहितीही गेली. तिनं निवृत्त सरांना फोन लावला.

"जाईन कुठी? मासिकाची साइट बंद पडली तवाच म्या तो कॉलेजच्या साइटवर ठेवला, त्याहीची परवानगी होती," सर म्हणाले. "ग्रंथपाल तुमी, अन् इचारून राह्यल्या मले."

लेख खरंच होता. स्वच्छ मराठी, फोटोंसकट. मग शोधल्यावर का येत नाही? तिनं नाना शब्द टाकून पाहिले. शेवटी लेखातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली, तर तिथं इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा पडला.

लेख जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेला. माणसाला वांगं दिसत होतं, कॉम्प्युटरला भुसाच.

सरांच्या जुन्या लॅपटॉपवर मूळ फाइल निघाली. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वाचता येईल अशा मराठीत, बदलताना वांग्यांची नावं पार विस्कटली, म्हणून सर स्वतः आले. ते छापील लेखातून वाचत, सायली दुरुस्त करत जाई.

"सर, याले 'भुरं काटेरी' काहून म्हनत?"

"मले काय माहीत? आसेगावच्या देवलाबाईनं सांगतलं, म्या लिहिलं. म्हने, मास्तर, खाचं सोडून लिहून काय राह्यला?"

नवी फाइल चढवली. शोधात यायला काही दिवस गेले. मग एका दुपारी सायलीनं 'आसेगाव वांगी' टाइप केलं आणि सरांचा लेख सगळ्यात वर आला. ती तिथंच उभ्यानं वाचू लागली.

"मॅडम, यातलं एखादं वांगं अजून असन का कोनाजवळ?"

"आसेगावले जाऊन पाय," वर्षाराणी म्हणाली. तिनं तोवर कॉलेजच्या साइटवरचा दुसराच एक जुना लेख उघडला होता आणि त्यातली एक ओळ कॉपी करून चिकटवली होती.

पुन्हा भुसा. तिनं खुर्ची पुढे ओढली.