हातानं वजन सांगणारे ईवाई

७ डिसेंबर, रविवार. नव्या तांदळाला एरंडेल चोळून डबे भरायचं काम सकाळपासून चाललं आहे. तांदूळ साकोलीजवळच्या एकोडी गावचा, माझ्या भाचीच्या सासऱ्यांनी पाठवलेला. मागोमाग त्यांचा फोन आला, "अठ्ठावीस किलो हाय. काट्यावर घालू नका, मी उचलून पाह्यलं." या एका वाक्यात ते गृहस्थ पुरते मावतात. जगात त्यांनी उचलून न पाहिलेली वस्तू नाही, आणि उचलून वजन न सांगितलेली तर नाहीच नाही.

व्याह्यांना आमच्याकडे ईवाई म्हणतात. तसे ते ईवाई माझ्या बहिणीचे. पण भाची, पल्लवी, भंडाऱ्याला माझ्याकडे राहून शिकली, म्हणून तिच्या सासरचे मलाच धरतात. ईवाईंनी तीस-बत्तीस वर्षं धानाच्या खरेदीवर मापारी म्हणून काम केलं. चाळीस किलोचे कट्टे काट्यावर चढवता-उतरवता त्यांच्या हातातच काटा बसला, असं गाव मानतं आणि तेही मानतात. काम सुटलं, पण हात रिकामे राहायला तयार नाहीत. मी साकोलीच्या स्टँडवर उतरले की नमस्काराआधी माझी पिशवी त्यांच्या हातात जाते. "साडेनऊ. पुस्तकं आणली वाटते, मास्तरीणबाई." गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला त्यांनी एकदा सिलिंडर उचलून फाटकातच अडवलं, "दीड किलो कमी हाय बापा." तो हसला, काटा काढला, आणि त्यानंतर त्या घरी कधी हसला नाही. शेजारचा म्हातारा गेला तेव्हा खांदा देऊन चार पावलं चालले आणि रडत रडत म्हणाले, "बिमारीनं लयच उतरला जी, चाळीसवर आला." बाकीचे तिघंही रडले, कारण आकडा त्यांनाही पटला होता. गावातलं तान्हं बाळ दवाखान्यातून घरी जाताना आधी यांच्या ओसरीवर थांबायचं. दोन्ही तळहातांवर घेऊन ते डोळे मिटायचे आणि वजन जाहीर करायचे. कार्डावरचा आकडा वेगळा निघाला तर लोक कार्डाला नावं ठेवायचे. बाळ भारी असलं की ईवाईंचा चेहरा फुलायचा, हलकं असलं की त्याच्या आईला दहा मिनिटं बोलणी.

पल्लवीला एकोणिसाव्या वर्षापासून मधुमेह आहे, इन्सुलिनवर. मुलगी दाखवायच्या दिवशीच मी तिचं इन्सुलिनचं पेन पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. लपवून केलेल्या लग्नाची कटकट मला नको होती. ईवाईंनी पेन उचललं. "असं हलकं! एवढ्याशानं काय अडते? पोरगी जेवते काय जी? पंचेचाळीसच्या वर नाही." लग्न ठरलं. पण पुढे दीड वर्ष पल्लवी थांबली, कारण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आधी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ताळ्यावर आणा, मग मूल. बाळाचं हृदय आणि पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, बाईला दिवस गेल्याचं धड कळायच्या आत. तेव्हा साखर वाढलेली असली तर व्यंग राहू शकतं. गावातल्या बाया "काहून थांबून राहिली?" म्हणून तिला टोचत. ईवाई टोचत नसत. ते फक्त मला विचारत, "काटा कधी हालन जी?"

काटा हालला आणि पहिले पाच महिने छान गेले. मग पोट दिसू लागलं आणि ईवाईंना राहवेना. तांदळाची खीर, सुवाऱ्या म्हणजे गुळाच्या पुऱ्या, तलावातले उकडलेले शिंगाडे, सगळं "खा व माय, खा" म्हणून. सासू साधी, ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही. पल्लवीचा नवरा नोकरीनिमित्त आठवडाभर बाहेर. पल्लवीचा फोन आला, "मावशी, इन्सुलिन वाढवून वाढवून थकले मी. बाबा माझं ताट उचलून पाहतात गं. हलकं वाटलं की अजून वाढतात."

सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानानं बरंच मोठं निघालं, भोवतीचं पाणीही जास्त. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. ईवाईंनी गावात पेढे वाटले.

मी पुढच्या रविवारची पहिली बस धरली. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर होता, अंगणात मळलेलं धान पसरलं होतं, आणि ईवाई पायानं ते हलवत होते.

"बाळ मोठं आहे ही वाईट बातमी आहे, ईवाई," मी चहाआधीच सांगितलं.

"मोठं अन् वाईट? तुमी सायन्सच्या ना जी?"

मी समजावलं. ते बातम्या ऐकल्यासारखे ऐकत राहिले. वीस वर्षं वर्ग सांभाळल्यानं आपलं बोलणं कुठे पोचत नाही ते मला कळतं. मी खाली वाकून मूठभर धान उचललं.

"हे आज खरेदीवर नेलं तर घेतील?"

"नाही घेणार. ओलं हाय." त्यांनी एक दाणा दाताखाली धरला. "कट्ट वाजत नाही."

"पण वजन तर जास्त भरेल."

"भरन ना! पाण्याचं वजन ते. असा कट्टा थप्पीत ठेवला तं आतून तापते, काळा पडते. वरून पाहाल तं मस्त भरलेला. असं भारी धान मी जिंदगीत कधी घेतलं ना..."

तिथे ते थांबले. मी मूठ त्यांच्या तळहातावर रिकामी केली. ते धान पाहत त्यांनीच विचारलं, "लेकराचं बी असंच?"

"असंच. आईच्या रक्तातली जास्तीची साखर नाळेतून बाळाला जाते. ती पेलायला बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि अंगावर चरबी चढते. बाळंतपणात खांदा अडकू शकतो. कधी शेवटच्या दिवसांत बाळ पोटातच जातं. आणि जन्मल्यावर नाळ कापली की आईची साखर बंद, पण बाळाचं इन्सुलिन सुरूच. पहिल्या काही तासांत त्याची साखर धाडकन खाली येते. लक्ष नाही दिलं तर मेंदूला इजा."

"अन् मी पेढे वाटून राहिलो," ईवाई म्हणाले आणि धान हलवायला लागले.

त्या दिवसापासून ते वेगळ्याच तऱ्हेनं असह्य झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काटा विकत आणला, स्वयंपाकघरातला लहान, आणि सुनेचा भात त्यावर मोजू लागले. खाऊ घेऊन आलेल्या नातेवाइकांना फाटकातच थांबवत, "आमी धान वाळवून राहिलो, तुमी ओलं करू नका." जेवणानंतर पल्लवीनं वीस मिनिटं चालायचं, तर हे दहा पावलं मागे, तलावाच्या पाळीपर्यंत. कोणी रस्त्यात बोलायला थांबलं की मागून खाकरत. पल्लवी मला म्हणाली, "मावशी, आधीचे बाबा परवडले." पण तिची साखर उतरली, आणि बाळाच्या वाढीचा वेगही जरा कमी झाला.

डॉक्टरीणबाईंनी अडतिसाव्या आठवड्यात ऑपरेशन ठरवलं, भंडाऱ्यात, जिथे नवजात बाळांचा वेगळा विभाग आहे तिथेच. जानेवारीत सकाळी दहाला मुलगी झाली, तीन किलो नऊशे. बघणाऱ्याला वाटावं, महिन्याभराचं बाळ. या घरात एक रीत आहे: बाळाच्या जिभेवर आधी आत्यानं मध लावायचा, मग आईचं दूध. आत्या, म्हणजे ईवाईंची थोरली लेक, बपेऱ्याहून मधाची बाटली घेऊन निघाली होती. तिचा फोन, "बाबा, आत्ता तुमसरले आली. मी येतवर लेकराच्या तोंडात काही घालू नका." तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. टाचेतून रक्त घेतलं, साखर कमी आहे, बाळाला लगेच पाजायचं. मध अजिबात नाही.

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ही रीत ईवाईंनी स्वतःच्या तिन्ही लेकरांच्या वेळी पाळली होती. एकीला तर त्यासाठी अर्धा दिवस उपाशी ठेवलं होतं.

"आत्या येईन तवा येईन," ते म्हणाले. "लेकरू पाजा. आता." आणि फोनमध्ये, "मध तूच खा माय, आरामात ये."

बाळ पाजलं, पण ते सुस्त होतं. दोन घोट घेऊन सोडून द्यायचं, हातपाय थरथरायचे. पल्लवीचं दूध काढून चमच्यानं दिलं. पुन्हा टाच टोचली, आकडा आणखी खाली. मग बाळाला आत नेऊन साखरेचं सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक बाळं सावरतात, पण आजचा दिवस महत्त्वाचा. आम्ही बाकावर बसलो. आत्या आली, एरवी वर तोंड करून न बोलणारी बाई, पण रागावून आली होती. बापाचं तोंड पाहिलं आणि मधाची बाटली पिशवीत सरकवली. प्रत्येक तपासणीनंतर ईवाई उठून आकडा विचारत आणि परत येऊन बसत.

दुपारी त्यांना हात धुऊन आत सोडलं. एका सिस्टरला त्यांची कीर्ती कळली होती. "आजोबा, सांगा बरं नातीचं वजन!" त्यांनी बाळाच्या डोक्याखाली तळवा घातला, पुष्कळ वेळ ठेवला. "नाही जी. हिचं मले समजत नाही."

बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. तळहात गुडघ्यांवर उताणे.

"मास्तरीणबाई, किती लेकरं या हातावर घेतली. त्यात काही लय भारी होती. दोन-तीन दुसऱ्या-तिसऱ्या रोजी गेली. मी म्हनो, काल तं एवढं भरलेलं होतं, आज काहून गेलं? लोक म्हनत नजर लागली. मी बी म्हनो." मग तळहातांकडे पाहत, "त्यांच्या माया अजून गावातच हायेत. कोणी पाह्यलं असन काय जी, त्यांची साखर?"

मी खोटं बोलत नाही. "कोणी पाहिली नसेल. आणि तेव्हा वाढलेली असेल, तर आजही असू शकते," म्हणाले.

संध्याकाळी बाळाची साखर वर आली आणि तिथे टिकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी वॉर्डात गेले, पल्लवीची उपाशीपोटीची साखर तपासली, बाळंतपणानंतर इन्सुलिन निम्म्यावर आणायचं हे सिस्टरकडून पुन्हा विचारून घेतलं, बाळ पिताना पाहिलं. मग ईवाईंना बाकावरून उठवून चहा पाजला आणि त्यांच्यासमोर बसून एकोडीच्या आशा कार्यकर्तीला फोन लावला. ते डोळे मिटून त्या लेकरांच्या आयांचं एकेक नाव आठवत गेले, मी फोनवर सांगत गेले: या तीन बाया, यांची साखर या आठवड्यात तपासून घे.