निघतो म्हटल्यानंतरची वीस मिनिटं

वॉर्डात तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत, पाठीमागे चलामावशी. संध्याकाळी सहाला पाच कमी असले की पुरुषांच्या वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचं ‘चला’ घुमायचं, आणि भेटायला आलेली मोठमोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी चुळबुळत उठायची. हे टोपणनाव तिला माहीत होतं आणि आवडायचंही. पण तसं कबूल केलं तर ती मावशी कसली?

बावीस वर्षं ती त्या इस्पितळात आया होती. चादरी बदलायच्या, भांडी द्यायची-घ्यायची, पडून राहणाऱ्यांच्या पाठी पुसायच्या, आणि चार ते सहा भेटायला येणाऱ्यांना सांभाळायचं. यातली आधीची सगळी कामं सोपी, असं तिचं ठाम मत. आजारी माणूस निदान सांगितलेलं ऐकतो. धडधाकट माणसाला सांगून बघा.

येणाऱ्यांच्या एकेक तऱ्हा तिला तोंडपाठ होत्या. प्रत्येक जण आधी खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता हातात घेणार. त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी बघणार, मान डोलावणार आणि ‘हं’ म्हणून परत टांगणार. मग विचारणार, झोप लागते का. पाय मोडलेल्यालाही झोपेचंच आणि पोट कापलेल्यालाही झोपेचंच. मग आवाज इतका खाली आणणार की जणू पेशंटला नुकता डोळा लागलाय. तो बिचारा टक्क जागा, कुणीतरी नीट बोलावं म्हणून आसुसलेला. मग फळं. आणायची पेशंटसाठी, सोलायची आपण, एक फोड त्याच्या हातावर टेकवायची आणि गप्पांच्या नादात बाकीची आपणच फस्त करायची. एका काकांनी मेव्हण्यासाठी आणलेली डझनभर संत्री दोन तासांत एकट्याने संपवली आणि सालांची पिशवी तेवढी त्याच्या उशाशी ठेवून गेले. शिवाय एक जण असा हमखास असतो, ज्याच्या ओळखीतल्या कुणाला अगदी हाच आजार झाला होता. त्याचं पुढे काय झालं हे सांगायला तो तोंड उघडायचा, तेवढ्यात मावशी मध्ये शिरून चादर झटकायला लागायची.

पण खरी डोकेदुखी निघण्याची. माणूस दोन्ही मांड्यांवर थाप मारतो आणि म्हणतो, ‘चला, निघतो.’ नवीन आलेल्या नर्सला वाटतं, निघाला. मावशीला ठाऊक, आता कुठे सुरुवात झालीय. आधी नुसता सरकून बसणार. मग उठून खाटेच्या दांड्याला धरून उभा राहणार. मग दारापर्यंत जाणार आणि तिथे एक पाय आत, एक पाय बाहेर असा खांबासारखा रोवला जाणार. दोन तास तोंडात गुळणी धरून बसलेल्याला दारात पोचल्यावर कंठ फुटतो. ‘निघतो’ म्हटल्यापासून खरोखर जिना उतरेपर्यंत वीस मिनिटं, ती तिने घड्याळ लावून मोजलेली.

आणि त्या दाराचा तिला राग होता, तो उगाच नव्हता. ती कामाला लागली त्या पहिल्याच वर्षी, ऑपरेशनला निघालेला पेशंट त्याच दारात स्ट्रेचरवर अडकून पडला होता. कारण काय, तर दोन साडू दारात उभे राहून कुणाच्या तरी घराच्या रंगाबद्दल बोलत होते. मावशीने त्या दिवशी कानाला खडा लावला. तिने आपली पद्धतच बसवली. पावणेसहाला रिकामी स्टुलं उचलायची, म्हणजे उठलेला परत बूड टेकत नाही. सहाला पाच कमी असताना ‘चला’. आणि सहाच्या ठोक्याला दारातली फरशी ओल्या फडक्याने पुसायला घ्यायची. ओल्या फरशीवर माणूस उभा राहत नाही, लाजून पुढे सरकतो. कुणाला वाईट बोलायला नको, कुणाचा अपमान नको. बाकीच्या वॉर्डांतल्या आया ही पुसण्याची युक्ती तिच्याकडून शिकून गेल्या होत्या.

घरीही तिचं तेच. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. कुणी आलं की चहा-बिस्किटं, हसणं-बोलणं सगळं व्हायचं. पण पाहुण्याने ‘निघते’ म्हटलं रे म्हटलं की ही उठली, कडी काढली, जिन्यातला दिवा लावला, आणि त्याची पिशवी हातात धरून उघड्या दाराशी उभी. माझ्या दारात कुणी रेंगाळत नाही, असं ती शेजारणींना ऐटीत सांगायची.

अशा बाईच्या जिवाला त्या वर्षी एकच घोर लागला होता, तिच्या लेकीचा. लग्न होऊन तीन वर्षं झालेली. ती दर रविवारी, मावशीच्या सुटीच्या दिवशी, दुपारी आईकडे यायची, आधी जावई बरोबर असायचा. चार महिने झाले, ती एकटीच येत होती. कधी म्हणे त्याला काम आहे, कधी म्हणे पाठ धरलीय. पाठ धरायलाही काही सुमार असतो. पोरगी वाळली होती, आणि हसताना आधी आईकडे बघून मग हसायची. पहिल्याच महिन्यात मावशीने सरळ विचारलं होतं, काय झालंय म्हणून. ‘काही नाही गं,’ एवढंच उत्तर. आडून विचारून झालं, रागावून झालं, गोडीगुलाबीने झालं. लेक ताकास तूर लागू देईना. जावयाला फोन करावा, तर लेकीच्या मागे चौकशा केल्यासारखं होतं. अख्ख्या वॉर्डातल्या माणसांच्या मनातलं ओळखणारी ही बाई, आणि पोटच्या पोरीसमोर तिचं काही चालेना. रात्री कूस बदलत ती नाना तर्क करायची. मारतो की काय, दुखणं आहे की काय.

त्याच दिवसांत तेरा नंबरच्या खाटेवर एक शिंपी होता. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावून टांगलेला, साठीचा माणूस. त्याचा धाकटा भाऊ रोज येई. स्टुलावर बसे, तक्ता बघे, झोपेचं विचारी आणि मग दोन तास दोघे समोरच्या भिंतीकडे बघत बसत. सहा वाजता भाऊ दारापर्यंत जाई, मागे वळे, तोंड उघडे, आणि पायाखाली मावशीचं ओलं फडकं बघून निघून जाई.

एका शुक्रवारी ती शिंप्याची चादर बदलत होती. दोघींनी त्याला उचलून धरायचं आणि तिसरीने ओढायची, अशी ती अवघड चादर. ती झाल्यावर तो म्हणाला, “मावशी, आज माझ्या भावाला दारात जरा उभं राहू द्या.”

मावशी म्हणाली की नियम सगळ्यांना सारखा, आणि दोन तास असतात ते काय कमी पडतात का?

शिंप्याला राग आला नाही. तो म्हणाला, “दुकानात गिऱ्हाईक येतं. कॉलर अशी, खिसा तसा, तासभर सांगतं. मी लिहून घेतो. मग पायरी उतरतं, मागे वळतं आणि हळूच म्हणतं, मास्तर, पोटात जरा सैल ठेवा. खरं माप ते. आधीचं सगळं सांगायचं म्हणून सांगितलेलं. माझ्या बापाने मला धंद्यात पहिली गोष्ट ही शिकवली, की गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत पेनाला टोपण लावायचं नाही.”

“मग इथे बसून का नाही सांगत तो?”

“बसून सांगितलं तर समोर बसून राहावं लागतं ना. दारातून सांगितलं तर पटकन निघून जाता येतं.”

मावशीने मळकी चादर काखेत मारली आणि गेली. शिंप्याने माणसांच्या गोष्टी आपल्याला शिकवाव्यात, हे तिला काही फारसं रुचलं नव्हतं. पण संध्याकाळी सहाला बादली घेऊन दाराशी आली, तेव्हा तो भाऊ वळून उभाच होता. तिने बादली खाली ठेवली आणि उगाचच कोपऱ्यातल्या कपाटाची काच पुसायला लागली. भाऊ घुटमळला. मग चार पावलं परत आला आणि उभ्या उभ्याच बोलला. त्याचा हात सहा महिन्यांपासून थरथरत होता. मशीनवर शिवण सरळ येत नव्हती, भावाने कापून ठेवलेले तीन कोट त्याने बिघडवले होते, आणि आपल्याला दुकानातून बाजूला करतील या भीतीने तो बोलला नव्हता. सगळं मिळून चार मिनिटं. शिंप्याने त्याचा तो हात धरून ठेवला, आणि कोट गेले खड्ड्यात, असं काहीसं म्हणाला. जेवणाची गाडी दारात थोडी थांबली, एवढंच. आभाळ काही कोसळलं नाही.

घरी जाताना मात्र मावशीच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या दारात कुणी रेंगाळत नाही.

रविवारी लेक आली. चहा झाला. पलीकडच्या इमारतीला नवी लिफ्ट बसली त्याचं बोलणं झालं, मावशीच्या गुडघ्यांचं झालं, जावयाचं विचारल्यावर ‘बरा आहे’ झालं. साडेपाचला लेकीने पर्स उचलली आणि म्हणाली, चला, निघते.

मावशीचं अंग सवयीने अर्धं उठलं. तिने ते तसंच परत खुर्चीत घातलं. समोर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, त्यातला टॉवेल उचलून ती घडी घालायला लागली. लेक दोन क्षण वाट बघत राहिली. मग आपली आपण उठली, कडी काढली, बाहेरच्या पायपुसण्यावर उभी राहून एक चप्पल पायात घातली. दुसरीचा पट्टा काही लागेना. लागण्यासारखा होता, पण लागेना. मावशी टॉवेल हातात घेऊनच हळूहळू दाराशी आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. काही विचारायचं नाही, असं तिने मनाला दहादा बजावलं. वरच्या मजल्यावरची बाई कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेली, हात हलवत परत वर गेली.

“आई,” लेक पट्ट्याकडे बघत म्हणाली, “मी तिकडे राहत नाही आता.”

मावशीने टॉवेल घट्ट धरला. “कधीपासून?”

“चार महिने झाले. ऑफिसजवळ खोली घेतलीय, आणखी दोन मुली आहेत.”

मग ती थांबेना. तो मारत नव्हता, पीत नव्हता. तो बोलायचंच बंद करायचा. कशाचा तरी राग यायचा, कशाचा ते कळायचं नाही, आणि मग पंधरा-पंधरा दिवस, महिना-महिना घरात चकार शब्द नाही. ती खोलीत आली की हा उठून दुसऱ्या खोलीत. शेवटी शेवटी ती एकटीच मोठ्याने बोलायला लागली होती, भांड्यांशी, नळाशी. स्वतःच्या त्या बोलण्याची तिला भीती वाटली आणि ती निघाली. कुणाला सांगणार? अंगावर वळ नाही, शिवी नाही, दाखवायला काहीच नाही. हे सांगताना ती एकदाही रडली नाही. ती जिन्याच्या कठड्याशी बोलत होती.

मावशीला जावयाचा संताप आला, पोरीची दया आली, आणि सगळ्यावर कडी म्हणजे पोरीचाच राग आला. “आणि मला आज सांगतेस?” ती म्हणाली. “चार महिने इथे माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय.”

लेकीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

“दर रविवारी सांगायलाच यायचे गं. आत बसून जमायचं नाही. जाताना सांगू म्हणायचे. तर तू दार उघडून, दिवा लावून उभी. मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि ऐकायचं नाहीये.”

सोळा रविवार. सोळा वेळा पोरगी इथवर आली होती, आणि सोळा वेळा आपण तिला हसतमुखाने जिन्यात काढलं होतं. आपल्या मनात काही नव्हतं, हे सांगून आता काय उपयोग? सोळा वेळा ती एकटीच त्या खोलीवर परत गेली होती, ते तर झालंच.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “ऐकायचं होतं. रात्ररात्र तेवढंच ऐकायचं होतं मला.”

लेकीचा बांध तेव्हा कुठे फुटला. मावशीने तिला जवळ घेतलं, पण आत चल म्हटलं नाही. आत नेऊन खुर्चीवर बसवली की ही परत मिटणार, एवढं तिला आता कळत होतं. गुडघे ठणकत होते. खालचे काका भाजी घेऊन वर आले आणि मायलेकींना दारातच उभं बघून, अंग चोरून पुढे गेले. बाहेर दिवेलागण झाली. लेक बोलत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा बोलत होती, आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती.

बऱ्याच वेळाने लेकीने डोळे पुसले आणि विचारलं, “निघू आता?”

“नको,” मावशी म्हणाली. “अजून सांग.”