सोपानची कॅसेट आन् माझा डिसमिस

लावा पैज, ह्याचा शेवट तुमाला सांगता येनार न्हाई! दुरुस्तीच्या दुकानात तुटक्या वायरी साठतात बघा, कामाच्या नसत्यात पन फेकवत न्हाईत. तसं आमच्या कंपूचं किस्सं.

कंपू म्हंजे तिघं. पौडचा इस्माईलभाई, रेडिओ दुरुस्तीवाला. रिहे गावचा सोपान, मेंढरं राखायचा, गळा असा की ऐकत ऱ्हावं. आन् मी, उचापती!

इस्माईलभाईनं पुन्यातनं जुना मिक्सर आनला, घरातच मांडला. एका टेपवर नुसत्या बाजाची कॅसेट, माईकमदी सोपान, मिक्सर दोनी एक करनार, दुसऱ्या टेपवर भरनार. मधी कोन खोकलं की पुन्यांदा पहिल्यापासनं!

*

आवाज घुमू नये म्हनून इस्माईलभाईनं घरातल्या समद्या गोधड्या भिंतीला टांगल्या.

भाभी म्हनल्या, "आता पोरांच्या अंगावर काय भिंत घालू?"

*

एकदा गानं अक्षी झ्याक झालं. शेवटची ओळ, आन् चुलीपाशी कुकरनं शिट्टी मारली!

सोपान रडकुंडीला. इस्माईलभाई म्हनला, "ऱ्हाऊ दे रं, बासरी हाय म्हनून सांगू!"

*

सोपानला कानाला हेडफोन लावला. त्याला सोताचा आवाजच कळंना. मी म्हनलो, "च्या घेतो का?"

त्यो बोंबलला, "बिनसाखरेचा नकोऽऽ!"

शेजारचे पळत आले. "कुनाची भांडनं लागली?"

*

मग मी एकदा हळूच माईकची वायर काढली. गडी डोळं मिटून आख्खं गानं गायला. टेप लावली तर नुसता बाजा!

"माझा आवाज कुटं गेला?"

"मेंढरं वळायला!" म्हनलो. त्योबी हसला. म्हनून मी सोकावलो.

*

आता ह्ये शेवटचं. सांगताना मान खाली जाती.

पुन्याचा एक कॅसेटवाला म्हनला व्हता, "रविवारी येतो. म्होरं बसून ऐकनार. पसंत पडलं तर सोपानची आख्खी कॅसेट काढू." सोपाननं आठ दिस ताकाला तोंड लावलं न्हाई, गळ्यापायी.

रविवारी सकाळी इस्माईलभाई पाव्हन्याला आनाया स्टँडवर गेला. टेपच्या मोटरला मागं बारीक स्क्रू असतोय, फिरवला की टेप जोरात पळती, बाजाचा सूर चढतो. म्या डिसमिस घेतला, स्क्रू जरा फिरवला. म्हनलं, सोपान केकाटंल, हसू, मंग परत जाग्यावर आनू.

तेवढ्यात पाव्हना दारात.

सोपान वरच्या सुराला गेला, आवाज फाटला. पुन्यांदा पहिल्यापासनं. परत फाटला. चारदा!

"काल तर लागत व्हता," सोपान घाम पुसत म्हनला. "बाजा त्योच हाय ना, इस्माईलभाई?"

"त्योच हाय की!" इस्माईलभाईला वायरी कळायच्या, सूर न्हाई.

डिसमिस माझ्या खिशात. तोंड उघडलं, पन पाव्हन्यादेखत बोलायची लाज वाटली.

पाव्हना उठला. "आवाज उतरलाय ह्यांचा."

सोपाननं माझ्याकडं बघितलं. "तू रोज ऐकतोस. खरंच उतरलाय का रं?"

मी म्हनलो, "व्हय. जरासा."

आता सोपान भजनात माझ्या मागं बसतो, झांजा वाजवतो. पोरं त्याला म्हनतात, "सोपाननाना, एक गानं होऊ द्या की!" त्यो ओठ मिटून मान हलवतो.