शिगेनो-सानची अर्धी शेवंती

वनस्पती उद्यानाच्या तिकीटखिडकीत बसून मला बावीस वर्षं झाली. माणसं मी पुष्कळ पाहिली, पण शिगेनो-सानसारखी बाई नाही पाहिली. कुणाला 'नको' म्हणायचं म्हटलं की हिच्या घशात मासळीचा काटा अडकतो. शेजारून मुळ्याचं लोणचं आलं, घ्या. परवाचं संपलेलं नाही, तरी घ्या! मी पडले ओसाकाची, तोंडाची फटकळ. माझं डोकंच फिरतं असल्या सभ्यपणाने.

आणि हीच बाई या वसंतात शेवंती मंडळाच्या अकरा पुरुषांशी भांडली, यावर कोण विश्वास ठेवील?

नोव्हेंबरात आमच्याकडे शेवंतीचं प्रदर्शन असतं. फाटकासमोर एकच मोठी शेवंती ठेवतात. एका खोडातून वाढवलेली, बांबूच्या साच्यावर एकेक फांदी बांधून घुमटासारखी केलेली, तीनशे फुलं आणि सगळी एकदम उमललेली. त्या जागेचा मान मोठा. शिगेनो-सानच्या कुंड्या एकोणीस वर्षं तिसऱ्या रांगेत, संडासाच्या बाजूला. बायकांनी पाणी घालावं, बस्स. तर यंदाच्या बैठकीत बाई उठल्या आणि म्हणाल्या, "फाटकासमोरची जागा या वेळी मला हवी."

मंडळाचे अध्यक्ष इसोगाई यांना चहाचा ठसका लागला. "घ्या की," ते म्हणाले, "पण उद्घाटनाच्या दिवशी घुमट पूर्ण फुललेला हवा. नाहीतर माझा येईल तिथे."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. उन्हाळाभर त्या अंगणात राबल्या. शेंडे खुडायचे, फांद्या बांधायच्या, नखाएवढी कळी जास्तीची आली की काढायची. हात कायम हिरवे.

ऑगस्टमध्ये त्या पायरीवरून घसरल्या. फार नाही, ढोपर खरचटलं. पण शेजारचे ओनोदेरा-सान पडले निवृत्त वायरमन. दुसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता बाईंच्या फाटकाच्या खांबाला दिवा लावून दिला. रात्रभर जळणारा, लख्ख. "आता बिनधास्त या-जा," म्हणाले. बाई तीनदा नमस्काराला वाकल्या आणि वर खरबूज देऊन आल्या.

मला कळलं ते सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखे होतात त्या विषुवदिनाच्या सुटीला. मी गोड भाताचे ओहागी घेऊन गेले, तर बाई झाडासमोर उकिडव्या बसलेल्या. घराकडच्या अर्ध्या घुमटावर कळ्या टिचून भरलेल्या. फाटकाकडच्या अर्ध्यावर नुसती पानं.

"अहो, हे काय झालं?"

"शेवंतीला रात्र मोठी लागते, नोबुए-सान. काळोख असल्याशिवाय ती कळी धरत नाही."

मी खांबावरच्या दिव्याकडे पाहिलं. "मग तो बंद करा ना!"

"कसं सांगू? इतक्या प्रेमाने लावलाय त्यांनी."

"प्रेमाने? अहो, त्या प्रेमाने तुमची जागा चालली!"

"ठाऊक आहे," म्हणाल्या. पाच आठवडे ही बाई रोज झाडाला पाहून झोपायला जात होती आणि झोप काही लागत नव्हती. मला रडूही आलं आणि रागही आला.

मी स्वयंपाकघरात गेले, चहाचा रिकामा डबा आणला आणि दिव्यावर उपडा घातला. बाईंचा चेहरा पांढराफटक. शेजाऱ्यांनी पाहिलं तर? मग आमचा तह झाला. ओनोदेरा-सान तिन्हीसांजेला खिडक्यांची झापं लावून घेतात. झापं लागली की डबा चढवायचा, पहाटे ती उघडायच्या आत उतरवायचा. बाईंनी हे महिनाभर केलं, चोरासारखं, आपल्याच अंगणात!

कळ्या आल्या, पण उशिरा. उद्घाटनाच्या सकाळी अर्धा घुमट पिवळाधमक आणि अर्धा हिरवागार. अर्धी हजामत करून न्हाव्याने गिऱ्हाईक सोडावं तसा. इसोगाईंनी भोवती एक फेरी मारली. वाईट बोलले नाहीत, एवढं खरं. "कष्ट दिसतात," म्हणाले आणि झाड मागे तळ्यापलीकडे, मेपलच्या झाडांखाली नेऊन ठेवायला लावलं. तिकडे त्या दिवसांत कुत्रंही फिरकत नाही, कारण मेपल तेव्हा हिरवेच असतात. बाईंनी झाडाला वाकून नमस्कार केला आणि घरी गेल्या. त्या दिवशी मी तिकिटांवर शिक्के इतके जोरात मारले की दोन फाटली.

प्रदर्शन संपलं. थंडी पडली. फाटकासमोरचा इसोगाईंचा घुमट कडेने तपकिरी होऊन मान टाकू लागला. आणि मग नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेपल पेटले, लालभडक. त्याच आठवड्यात बाईंच्या झाडाची उरलेली बाजू उमलली. वर लाल, खाली पिवळं, फुलांवर टपटप पडलेली लाल पानं! आमच्याकडे शेवंती आणि मेपल एका वेळी कुणी पाहिलेच नव्हते. एकाचं सरलं की दुसऱ्याचं सुरू व्हायचं. लोक तिकीट घेताना फुलांचं विचारेनात, "ते तळ्यामागचं कुठे आहे?" एवढंच विचारत. इसोगाई स्वतः तिथे दोर बांधून रांग लावत होते.

रविवारी ओनोदेरा-सान आले. झाडापुढे आ वासून उभे. मला राहवलं नाही. "तुमच्याच दिव्याची कृपा हो," मी म्हटलं. "उजेडाने कळ्या अडल्या, म्हणून हे मागाहून फुललं."

टोमणा होता तो! पण गृहस्थ असा फुलला की विचारू नका. रांगेतल्या अनोळखी लोकांना सांगू लागला, "माझा दिवा, बरं का! मी लावलाय!" मग बाईंकडे वळून म्हणाला, "शिगेनो-सान, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूलाही एक लावून देतो."

बाईंनी वाकायला सुरुवात केली. अर्ध्यातच थांबल्या. सरळ उभ्या राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "आणि आहे तोही काढून न्या. पुढच्या वर्षी मला फाटकासमोर फुलवायचंय."

ओनोदेरा-साननी डोकं खाजवलं. "बरं," म्हणाले. "उद्या सकाळी काढतो."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "एवढंच?" त्यांनी हळूच विचारलं. "एवढंच असतं हे?"