उषा नव्हे, उकंडी

चिमूरच्या मोटारस्टँडवर मला सोडायला आली तेव्हा मायच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ताकीद होती. लाखोळीच्या डाळीची पुरचुंडी माझ्या हातात कोंबत ती म्हणाली, "कोणी नाव इचारलं त मान खाली घालू नको. या नावानंच तू जगून राह्यली."

गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. माझ्यासारखे बाहेर पडलेले मात्र विसरले असतील. माझ्याआधीची तीन भावंडं तान्हेपणीच तालुक्याच्या दवाखान्यात दगावली. म्हणून मी जन्मले तशी मायनं मला घरामागच्या उकंड्यावर, शेणखताच्या ढिगावर, ठेवलं. शेजारच्या काकूनं सुपात उचललं आणि मूठभर कणी देऊन मायनं मला तिच्याकडून परत घेतलं. टाकून दिलेल्या लेकराकडे काळ बघत नाही म्हणतात. नाव पडलं उकंडी. आमच्या आळीत धोंडी होती, केरी होती, कोणी कोणाला हसत नव्हतं.

नागपूरच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी नाव विचारलं. मी मान वर करून सांगितलं. बाकीच्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या. "शी! रोग्यासमोर असं नाव घेववेल का? आजपासून तू उषा," बाई म्हणाल्या. मला विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे बाजारातून बैल आणला तरी त्याचं जुनं नाव विचारून घेतात. संताप आला, पण शिकायचं होतं. मी गिळला.

दिवाळीनंतर माय न कळवता भेटायला आली. फाटकावरच्या चौकीदाराला तिनं उकंडी कुठी आहे म्हणून विचारलं. तो म्हणाला, या नावाची इथं कोणीच नाही. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्यांनीही नाही म्हणून मान हलवली. ज्यांनी माझं नाव पुसलं, त्यांना ते आठवतही नव्हतं! आणि मायनं त्याचा एकच अर्थ घेतला. दवाखान्यातून माणूस 'नाही' झालं म्हणजे काय, हे तिला तीनदा कळून चुकलं होतं.

ड्युटी संपवून मी बाहेर आले तर रस्त्यापलीकडे कोणी बाई माझं नाव घेऊन गावाकडच्या सुरात मयताचं रडत होती. मी धावले. मायनं मला मिठी मारली नाही. माझं मनगट घट्ट धरून ऊब लागते का ते पाहिलं. मग विचारलं, "इथी तुले का म्हणतात?"

"उषा."

"काऊन? मी ज्या नावानं तुले राखलं, त्याची यायले लाज वाटते?"

मी तिला तशीच बाईंच्या खोलीत घेऊन गेले. म्हटलं, "ही माझी माय. माझ्या जिवंतपणी हिनं आज तुमच्या दारात माझं मयत रडलं. आता मला उकंडी म्हणायचं, नाहीतर हाकच मारायची नाही."

बाई म्हणाल्या, "रोगी हसतील."

"हसू द्या. हसता येण्याइतके बरे तर होतील."

रोगी कधी हसलेच नाहीत. हसायच्या त्या शिकलेल्या पोरी, आणि माझा पारा त्यांच्यावर अजून चढतो.

माय जाऊन बरीच वर्षं झाली. गावातल्या घराच्या जागी आता दुसऱ्याचं घर आहे. नागपुरात माझं पक्कं घर आहे, पण त्याला घर म्हणताना जीभ अडखळायची. मग बाळंतिणींच्या वॉर्डात झाडीकडची, आमच्याच मुलखातली, एक बाई आली. तिची आधीची दोन लेकरं गेलेली. तिनं पोर हळूच केराच्या डब्याजवळ फरशीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "उकंडीबाई, तुमीच उचला."

शिकाऊ पोरगी ओरडायला पुढे झाली. मी तिला हातानंच मागे सारलं, पदर पसरला आणि पोर उचललं. तेव्हा मी घरी होते.